लहान मुलांच्या पालकाने मोटरसायकलचा धोका कसा तोलावा

घरात पाळणा हलला की मोटरसायकल चालवणाऱ्या बापाला, आणि हल्ली आईलाही, घरची-दारची माणसे एकच प्रश्न विचारू लागतात: आता गाडी ठेवणार की काढून टाकणार? प्रश्नामागे काळजी असते, म्हणून त्याचा राग मानू नये. परंतु त्याला हो किंवा नाही एवढेच उत्तर देता येते, आणि धोका मात्र असा एकगठ्ठा नसतो. जूनमधल्या पहिल्या पावसात संध्याकाळी सात वाजता महामार्गाने कार्यालयातून घरी येणे, फेब्रुवारीतल्या रविवारी उजाडल्यावर मोकळ्या रस्त्याने एकट्याने फिरून येणे आणि दोन वर्षांच्या मुलाला पुढे उभे करून कोपऱ्यावरून दूध आणणे, या तिन्हींना आपण ‘गाडी चालवणे’ असेच म्हणतो. पण त्यांतला धोका, त्याची कारणे आणि त्यावरचे उपाय सर्वस्वी वेगळे आहेत. म्हणून माझे सांगणे असे की सबंध मोटरसायकल एका पारड्यात टाकण्याऐवजी प्रत्येक फेरी वेगळी तोलावी. मी पुण्यात राहतो, मला सहा वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा आहे, माझ्याकडे ३५० सीसीची मोटरसायकल आहे आणि पुढे दिलेली पद्धत मी स्वतः वापरतो.

आधी आकडे समोर ठेवावेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शंभरातली जवळजवळ ४५, दुचाकीवर होती. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी रस्त्यावर १५,२२४ जीव गेले. त्याच अहवालात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ मृतांची नोंद आहे आणि त्यांतले १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसलेले होते. आपल्या मागे कोण बसते, हे हा आकडा वाचताना आठवावे. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. त्यांतून एवढेच समजून घ्यायचे की दुचाकीच्या अपघातात मरण ही दूरची, दुसऱ्याच्या घरची गोष्ट नाही, आणि ‘मी सावकाश चालवतो’ या एका वाक्यावर हा विषय मिटत नाही.

दोन आठवड्यांची वही

पहिले काम म्हणजे एक साधी वही घेऊन दोन आठवडे प्रत्येक फेरीची नोंद करणे. कुठून कुठे, किती किलोमीटर, किती वाजता, रस्ता कसा, गाडीवर कोणकोण होते, आणि शेवटचा रकाना असा की हेच काम दुसऱ्या कोणत्या साधनाने किंवा पायी झाले असते का. ज्या फेरीत काळजात धस्स झाले, म्हणजे कोणी उलट्या दिशेने अंगावर आले, बसने कडेला दाबले, मागचे चाक किंचित घसरले, त्या फेरीसमोर फुली मारावी. फुली मारायला लाज वाटू नये. अपघात हा बहुतेक वेळा अशा बऱ्याच न झालेल्या अपघातांच्या रांगेतला एक असतो, आणि ती रांग कुठे लागते हे कळले तर निम्मे काम होते.

मी ही वही लिहायला घेतली तेव्हा माझी समजूत अशी होती की रविवारची ताम्हिणी घाटाची फेरी हीच काय ती सोडायची की नाही हे ठरवायचे आहे. वहीने वेगळेच दाखवले. वारजे ते हिंजवडी जाऊन-येऊन सुमारे ३५ किलोमीटर, वर्षाचे २४० दिवस धरले तर ८,४०० किलोमीटर; आणि महिन्यातून दोनदा रविवारी दीडशे किलोमीटर धरले तर वर्षाचे ३,६००. म्हणजे मी वर्षभरात जेवढे अंतर गाडीवर काढत होतो त्यातले शंभरातले ७० किलोमीटर नोकरीच्या वाटेवरचे होते, आणि तेही बाह्यवळण महामार्गावर ट्रक, डंपर आणि खासगी बसगाड्यांच्या संगतीत. दोन आठवड्यांत ११ फुल्या पडल्या, त्यांतल्या ८ संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यानच्या होत्या. मंत्रालयाच्या अहवालातही दिवसातला हाच तीन तासांचा काळ सर्वाधिक अपघातांचा म्हणून येतो. देशातले सुमारे एक पंचमांश अपघात त्यात होतात. तसेच राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या जेमतेम २ टक्के असताना रस्त्यावरचे सुमारे ३६ टक्के मृत्यू त्यांवर होतात. माझी रोजची वाट या दोन्ही गोष्टी एकत्र आणत होती, आणि त्यातून मला आनंद म्हणावा असा काहीच मिळत नव्हता.

अंतर मोजण्याचा आग्रह का, तेही सांगतो. धोका मोजण्यासाठी मायक्रोमॉर्ट नावाचे एक माप वापरतात. एक मायक्रोमॉर्ट म्हणजे दहा लाखांत एक इतकी मरणाची शक्यता. ब्रिटनमधील आकडेवारीवरून काढलेल्या हिशेबात तेवढी शक्यता मोटारीने सुमारे ३७० किलोमीटर गेल्यावर येते, तर मोटरसायकलने अवघ्या १० किलोमीटरांत. आपले रस्ते, गाड्या आणि वेग वेगळे असल्याने हे प्रमाण इथे जसेच्या तसे लावू नये. पण धोका किलोमीटरागणिक साचत जातो आणि रोजची, सवयीची, कंटाळवाणी फेरीच तो सर्वांत जास्त साचवते, ही गोष्ट कुठल्याही देशात खरी आहे.

वही पूर्ण झाली की जोडीदारासमोर ठेवावी. ही पायरी गाळू नये, कारण धोका एकाने पत्करायचा आणि परिणाम चौघांनी भोगायचे असा हा मामला आहे. आधीच बचावाची भाषा न करता एवढेच विचारावे की यातल्या कोणत्या फेरीची तुला सर्वांत जास्त भीती वाटते. माझ्या पत्नीने वही उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, “ताम्हिणीला तू जातोस तेव्हा जॅकेट, बूट, हातमोजे सगळे घालून जातोस. मला भीती वाटते ती कोपऱ्यावरच्या दुकानाची. तिथे तू बाळाला पुढे उभं करतोस आणि हेल्मेट घरी ठेवतोस.” माझ्या वहीत त्या फेरीची नोंदच नव्हती, चारशे मीटरच्या अंतराला मी फेरी मानतच नव्हतो.

यानंतर प्रत्येक फेरीचा निकाल लावावा. जिच्यातून काही मिळत नाही आणि जिला पर्याय आहे ती सोडून द्यावी. पर्याय नसेल तर वेळ, वाट किंवा वेग बदलून ती हलकी करावी. जिच्यातून खरोखर काही मिळते ती पूर्ण तयारीने करावी. मी हिंजवडीसाठी कार्यालयाची बस धरली. दिवसाची वीस-पंचवीस मिनिटे जास्त जातात, पण वर्षाचे ८,४०० किलोमीटर एका निर्णयात कमी झाले. असंख्य घरांत दुचाकी हेच एकमेव वाहन असते आणि बसचा पर्याय कागदावरच असतो, याची मला जाणीव आहे. अशा पालकांनीही वही लिहावी. सातची निघायची वेळ साडेपाच करता येते का, महामार्गाऐवजी दोन किलोमीटर जास्त पडणारा पण आतला रस्ता घेता येतो का, आठवड्यातला एक दिवस घरून काम करता येते का, हे पाहण्यासारखे असते.

आपल्या हातात काय आहे

मोटरसायकलच्या धोक्याचा एक भाग दुसऱ्यांच्या हातात असतो आणि त्याला इलाज नाही. पण जो भाग आपल्या हातात आहे तो लहान नाही. दारूचा एक घोटही घेतला असेल तर गाडीला हात लावू नये, यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. झोप अपुरी झाली असेल तर तोच नियम लावावा, आणि तान्ह्या मुलाच्या आईवडिलांची झोप पहिली दोन वर्षे अपुरीच असते. रात्री तीनदा उठून सकाळी आठला गाडी काढणाऱ्या माणसाचे डोळे उघडे असतात, पण लक्ष मागे राहते. त्या काळात लांबच्या फेऱ्या बंद ठेवणे हा मला सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय वाटतो.

वेगाबद्दल मात्र सविस्तर हिशेब करून पाहावा. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागतो असे मानले, तर ताशी ४० च्या वेगातली गाडी थांबायला सुमारे २७ मीटर लागतात, ६० ला ४८ मीटर आणि ८० ला ७४ मीटर. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. जिथे ६० वरची गाडी पूर्ण थांबलेली असते, नेमक्या त्याच जागेवरून ८० वरची गाडी अजून ताशी ६४ च्या वेगाने पुढे जात असते. वीसचा फरक आपल्याला किरकोळ वाटतो. त्या जागी उभ्या असलेल्या ट्रॉलीला तो तसा नसतो. ट्रॉलीचे उदाहरण मुद्दाम घेतले. गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत, पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात रात्रीच्या रस्त्यावर उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, आणि त्या दिसतात तेव्हा अंतर पन्नास मीटरांपेक्षा कमीच उरलेले असते. त्या महिन्यांत अंधार पडल्यावर गावाबाहेर दुचाकी न काढणे, हा माझा ठाम नियम आहे.

पावसाळ्याची पहिली दोन-तीन दिवसांची सर ही सर्वांत घसरडी असते, कारण उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते आणि अजून धुऊन गेलेली नसते. रंगवलेले पट्टे, चेंबरची झाकणे आणि बांधकामाच्या ठिकाणी टाकलेल्या लोखंडी पत्र्यांवर ओल्या दिवसात ना ब्रेक लावावा ना गाडी कलंडवावी. नवी गाडी घ्यायची असेल तर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, असलेलीच घ्यावी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना ते बंधनकारक आहे, लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणाही चालते. आणि ब्रेक लावायला पुन्हा शिकावे. आपल्यापैकी बहुतेकांनी मैदानावर दादा किंवा काकांकडून गाडी शिकलेली असते आणि ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, पडशील’ हे तेव्हाचे वाक्य पुढे जन्मभर डोक्यात राहते. ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर येत असल्याने थांबवण्याची बहुतांश ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. रिकाम्या, कोरड्या मैदानावर ३० च्या वेगाने, दोन्ही ब्रेक क्रमाक्रमाने घट्ट करत थांबण्याचा सराव वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी वीस वेळा करावा.

कपड्यांविषयी थोडक्यात. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पुण्यात हेल्मेटसक्तीला वर्षानुवर्षे विरोध झाला. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी त्या वादात पडूच नये असे मला मनापासून वाटते. जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे. रस्त्याच्या कडेला तीनशे रुपयांना मिळणारी टोपी घेऊ नये. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजावा, हेल्मेट घालून पट्टा लावावा आणि मागच्या कडेला धरून पुढे ओढून पाहावे. ते डोक्यावरून निघाले तर माप चुकले. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच निघून जाते. एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला फोम दबलेला असतो, ते पुन्हा वापरू नये.

मूल गाडीवर बसवणे हा स्वतंत्र निर्णय आहे

इथे मी सर्वांत जास्त सावध आहे, कारण आपण एकटे जातो तेव्हा धोका आपण निवडलेला असतो आणि मुलाला नेतो तेव्हा तो त्याच्या वतीने निवडतो. आधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, चालवणाऱ्याला आणि बसणाऱ्याला, हेल्मेट बंधनकारक आहे. नऊ महिने ते चार वर्षे या वयासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने वेगळा नियम अधिसूचित केला, जो एका वर्षाने लागू झाला: मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट, चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा आणि वेग ताशी ४० च्या आत. हा सुरक्षा पट्टा म्हणजे मुलाच्या अंगात घालायचे बंडीसारखे जाकीट असते, त्याला जोडलेले पट्टे चालकाच्या खांद्यांवरून येतात आणि मुलाचे धड चालकाच्या पाठीशी बांधलेले राहते. तो ३० किलोपर्यंत वजन पेलणारा असावा लागतो. कलम १२८ प्रमाणे चालकाखेरीज एकाच व्यक्तीला बसता येते, म्हणून आई, बाबा आणि मधे मूल हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य नियमाबाहेरचे आहे. केरळमधून २०२३ मध्ये लहान मुलांसाठी अशी सूट मागितली गेली होती, ती केंद्राने दिली नाही.

कायदा ही खालची पायरी आहे; पालकाने तिच्याही वर उभे राहावे. नऊ महिन्यांखालच्या बाळाला दुचाकीवर नेऊच नये. त्याची मान हेल्मेटचे वजन पेलत नाही आणि हेल्मेटशिवाय नेणे हा पर्यायच नाही. डॉक्टरांकडे लस द्यायला जायचे असेल तर रिक्षा करावी, त्या दिवशीचे दीडशे रुपये हे खर्चाच्या यादीत औषधाखाली लिहावेत.

स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत मुलाला पुढे उभे करणे किंवा टाकीवर बसवणे याकडे जवळून पाहावे. घरच्या स्कूटरवर माझा मुलगा पुढे उभा राहिला की त्याची हनुवटी बरोबर हँडलच्या पातळीला येई आणि तो दोन्ही हातांनी आरशांच्या दांड्या धरी. वेग २५ चा जरी असला आणि समोर कुत्रे आडवे आले, तर माझे सत्तर किलोचे शरीर पुढे जाते, त्याची छाती आणि तोंड हँडलवर जाते आणि माझ्या आणि हँडलच्या मधे तो चेपला जातो. पुढे उभे केल्याने तो ‘डोळ्यासमोर’ राहतो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी त्याला माझ्या आणि लोखंडाच्या मधे ठेवत होतो. शिवाय उभ्या स्कूटरवर मूल असताना गाडी चालू ठेवून दुकानदाराशी बोलणे ही फार मोठी चूक आहे. छोट्या हाताला ॲक्सिलरेटर सापडायला एक क्षण पुरतो.

मागे बसवलेल्या मुलाबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्याचे पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकतात का. लोंबते पाय चाकाच्या आऱ्यांत जाऊन टाच सोलली जाण्याची इजा आपल्याकडच्या अस्थिरोग तज्ज्ञांच्या रोजच्या ओळखीची आहे. मागचे चाक निम्मे तरी झाकणारे संरक्षण हे नियमानेच आवश्यक असते. सेकंडहँड गाडी घेताना किंवा ‘लुक’साठी सामान काढून टाकताना ते गेलेले असते, ते परत बसवावे. ओढणी, पदर, मफलर आणि रेनकोटची दोरी यांचीही तीच गत. दुसरी गोष्ट झोप. चार-पाच वर्षांचे मूल संध्याकाळी गाडीवर बसले की दहाव्या मिनिटाला पेंगते, त्याची पकड सुटते आणि चालकाला ते कळत नाही. मूल दमलेले असेल तर गाडी नको, एवढा साधा नियम घरात असावा. पावसात मुलाला आपल्या रेनकोटच्या आत घेणेही टाळावे; त्याला काही दिसत नाही आणि गाडी पडली तर त्याला बाहेर पडता येत नाही.

हात मोडल्यावर कळलेली गोष्ट

आपण धोक्याचा विचार करतो तेव्हा थेट मरणाचा विचार करतो, आणि ते आपल्या वाट्याला येणार नाही असे मानून मोकळे होतो. मधली सगळी दुखापत आपल्या हिशेबात येत नाही. मुलगी अडीच वर्षांची असताना एका सप्टेंबरमध्ये सोसायटीच्या फाटकापासून दोनशे मीटरवर, वळणावर सांडलेल्या खडीवर माझी गाडी घसरली. वेग तीसही नसेल. डाव्या मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर. वैद्यकीय दृष्ट्या ही किरकोळ दुखापत होती. पण त्या सहा आठवड्यांत मी मुलीला उचलून घेऊ शकलो नाही, तिची वेणी घालू शकलो नाही, तिच्या डब्याचे झाकण उघडू शकलो नाही. पहिल्या रात्री ती प्लास्टरवर हात ठेवून म्हणाली, “बाबा, मग मला झोके कोण देणार?” पत्नीला नोकरी सांभाळून दोन माणसांची कामे करावी लागली आणि गावाहून आईला बोलवावे लागले. म्हणून जोडीदाराशी बोलताना हा प्रश्न स्पष्टपणे मांडावा: दोन महिने माझा एक हात किंवा एक पाय कामातून गेला तर घर कसे चालेल? त्याचे उत्तर तयार नसेल तर आधी ते तयार करावे.

कागदपत्रे

ही कामे एका रविवारी उरकतात. तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, सर्वांना बंधनकारक आहे, पण नुसत्या कायद्यापुरत्या विम्यात आपल्या मागे बसलेल्या माणसाची भरपाई येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तसा निर्णय दिलेला आहे. सर्वसमावेशक विम्यात सहसा ती जबाबदारी धरलेली असते. ज्यांच्या मागे मूल किंवा जोडीदार बसतो त्यांनी आजच पॉलिसी काढून हे वाचावे. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा बंधनकारक आहे, पण तो गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी आणि परवाना चालू असेल तरच. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, असे सर्रास असते. तिथे हे संरक्षण चालवणाऱ्याला मिळत नाही. गाडी नावावर करून घ्यावी.

घर ज्याच्या पगारावर चालते त्याने पुरेसा मुदत विमा घ्यावा आणि अर्जात मोटरसायकलने प्रवास करतो हे विचारले असल्यास लपवू नये. विवाहित पुरुषाला १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या कलम ६ खाली पॉलिसी घेता येते, म्हणजे ती रक्कम पत्नी-मुलांसाठी राखीव राहते आणि देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच ठरवावे लागते. अज्ञान मुलाला नॉमिनी केले असेल तर त्याच्या वतीने रक्कम घेणारी सज्ञान व्यक्ती नेमावी. आणि मृत्युपत्र करावे. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, १९५६ नुसार आईवडिलांना मृत्युपत्राने मुलांचा पालक नेमता येतो. तो नेमावा लागण्याची वेळ बहुधा तेव्हाच येते जेव्हा दोघे एकदम जातात, म्हणूनच मुलांना आजीकडे ठेवून नवरा-बायकोने एकाच मोटरसायकलवर लांबच्या सफरीला निघणे मी टाळतो. लग्नानंतरच्या काळात आम्ही दोघे असे पुष्कळ फिरलो, ते पुन्हा करावेसे वाटते, आणि मुले मोठी होईपर्यंत ते करणार नाही असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे.

हेल्मेटच्या आत आणि पाकिटात रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि दोन फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. १०८ आणि ११२ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत. मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळू शकतात, हे घरातल्यांना माहीत असावे. अपघातात सापडलेल्या दुसऱ्या कोणाचे हेल्मेट, श्वास अडत नसेल तर, घाईने ओढून काढू नये. मानेला इजा असू शकते.

वही दरवर्षी नव्याने

हा हिशेब एकदा करून संपत नाही, कारण मुले वाढतात आणि रस्ते बदलतात. आम्ही दरवर्षी मेअखेरीस, पाऊस येण्याआधी, वही काढून बसतो. सध्या तीत कार्यालयाची फेरी नाही, अंधारातली गावाबाहेरची फेरी नाही, कोपऱ्यावरच्या दुकानाला आम्ही चालत जातो. जून ते सप्टेंबर मोटरसायकल आच्छादनाखाली असते. महिन्यातून दोन रविवारी, उजाडल्यावर निघून अकराच्या आत परत, एकट्याने आणि ताशी ६० च्या आत, अशी ताम्हिणीची फेरी उरली आहे, आणि पौड ओलांडल्यावर फोन करायचा हे ठरलेले आहे. मुलाला अजून मागे घेत नाही.

मुलीचे वेगळे आहे. तिला बाबांच्या मागे बसायचे आहे आणि ती रोज विचारते, म्हणून तिच्यासाठी आम्ही वयाऐवजी माप ठरवले. तिच्या वाढदिवसाला गाडी मधल्या स्टँडवर लावायची, हेल्मेट घालून तिला मागे बसवायचे, पाठ सरळ ठेवून दोन्ही तळवे फूटरेस्टवर सपाट टेकतात का ते पाहायचे. या वर्षी उजवा तळवा टेकला तेव्हा ती एका बाजूला सरकली होती. सरळ बसवल्यावर दोन बोटांचे अंतर उरले. तिने खाली वाकून ते स्वतः मोजले आणि वहीत तारीख टाकून ‘दोन बोटे’ असे लिहून ठेवले.